किनाऱ्यावरच सांगायचा आकडा

साडेतीनलाच अंधार पडलाय तोर्सहाव्नमध्ये.
बंदरातले दिवे वाऱ्यानं तिरपे झाल्यासारखे,
आणि ह्याल्ग्रिम दारातून विचारतो, अजून चालूच?
चालूच. काल रात्रीपासून.
दोन बेटांमधल्या अरुंद पाण्याचा प्रवाह काढतेय मी,
दर दहा मिनिटांचा, अख्ख्या वर्षाचा;
टपालाच्या बोटीला तक्ता हवाय.
मशीनमध्ये आठ कोअर.
सात नुसते बसलेत,
एकटा मान मोडून राबतोय,
कारण मी सांगितलंच नव्हतं
की तुम्ही किती जण उठायचं.

न सांगितलं तर भाषा एक धरते.
आत शिरल्यावर विचारता येतं, किती थ्रेड?
बदलता येत नाही.
प्रोग्रॅम सुटला की सुटला.
आकडा उंबऱ्याबाहेर द्यायचा,
सुरू होण्याआधीच्या एका ओळीत,
बरोबरच्या चिन्हाला चिकटून, मध्ये जागा न सोडता.

मामा असंच करायचा.
आठ वल्ह्यांच्या होडीशी उभा राहून,
लोकरी टोपी कानांवर ओढत,
ओरडायचा, "आज किती?"
पाण्यात गेल्यावर नववा चढत नाही.
पाण्यात गेल्यावर कुणाला उतरवताही येत नाही.

मी बत्तीस लिहिलं. हाव, दुसरं काय.
पंखा किंचाळायला लागला.
एक ना धड, भाराभर चिंध्या:
आठ वल्ह्यांना बत्तीस जण झोंबलेले,
निम्मा वेळ सरक, मला बसू दे, यातच गेला.

आणि उत्तर?
पहिल्या वेळी दुपारी दोनला पाणी जोरात उत्तरेकडे.
दुसऱ्या वेळी, त्याच माहितीवरून, त्याच दोनला,
पाणी जवळजवळ उभं.
ह्याल्ग्रिम म्हणाला, खरा समुद्र आणलास की!
मला हसू आलं नाही.
त्या बोटीतून योअन्नाची दोन मुलं शाळेत जातात.

चूक माझीच. सगळ्यांना बेरजेची एकच वही दिली होती.
एकानं वाचलं बारा. त्याच क्षणी दुसऱ्यानंही बारा.
दोघांनी आपापला एक मिळवला,
दोघांनी तेरा लिहिलं.
खोटं कुणीच बोललं नाही,
तरी एक हरवला.

आता प्रत्येकाला आपलं पान.
शेवटी मी पानं ओळीनं लावते, मग बेरीज.
तीनदा चालवलं. तीनदा तेच पाणी.

राहिला आकडा.
मागच्या उन्हाळ्यात मामानं हाक दिली तेव्हा पाच जण आले.
एयदुन आरहूसला, त्याचे भाऊ ट्रॉलरवर,
बाकीच्यांचं कुणी काही बोललं नाही.
मामानं दोनदा मोजलं.
मग मोठी होडी तशीच ठेवून सहा वल्ह्यांची बाहेर काढली
आणि बघायला म्हणून आलेल्या माझ्याकडे
सहावं वल्हं ढकललं.
आठवडाभर तळहातांना फोड होते.

मी सात लिहिते.
आठवा मोकळा राहू दे,
मशीनलाही मान वर करायला कुणी हवं.
खाली टीप, माझ्यानंतर या खुर्चीत बसेल त्याच्यासाठी:
बदलायचं असेल तर सगळं बंद करा.
बाहेर या. आहेत किती, ते मोजा.
मग पुन्हा सुरू.

पंख्याचा आवाज खाली येतो.
ह्याल्ग्रिम कोट चढवतो,
आणि खिडकीत, काळ्या पाण्यावर,
टपालाची बोट दिवा लावून परत येताना दिसते,
अजून जुन्याच तक्त्यावर.