शहरात आज

चौदा वर्षं मी हेच सदर लिहितो.
पान चार, डावीकडचा खालचा कोपरा,
केळीच्या भावांच्या खाली, निधनवार्तांच्या वर.
कीर्तन, रक्तदान, एकांकिकेची तालीम.
पाच ओळी. कधी सहा.

त्या शनिवारसाठी लिहिलं होतं:
रेल्वे इन्स्टिट्यूट, भुसावळ. सायंकाळी सात. जॅझ.
डीटीपीवर बसणाऱ्या नव्या पोराने
शब्द दोनदा वाचला, आणि सुधारला.
सकाळी छापून आलं:
सायंकाळी सात. जहाज. प्रवेश विनामूल्य.

मागच्या महिन्यात नऊ माणसं होती,
त्यात एक वॉचमन, एक मी.
आज फाटकापासून सायकली.
यावलहून टेम्पो करून आलेलं अख्खं कुटुंब, डब्यासकट.
तापीत होडी चालवणारा झिपरू,
इस्त्रीचा शर्ट घालून,
धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला भेटायला जातो तसा.
आणि धरणगावची एक आजीबाई, कडेवर नातू,
दारात उभी राहून सगळ्यांना विचारत:
"जहाज कोठे शे रे भो?"

एप्रिल. भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
ज्या सागवानी फरशीवर एके काळी
ड्रायव्हर-गार्डांच्या बायका टाचांनी ठेका धरायच्या,
तिथे आता सतरंज्या, आणि परवाच्या आधार शिबिराचे
चुरगळलेले टोकन.
पियानोच्या अकरा पट्ट्या मुक्या.
डेन्झिल रॉड्रिग्ज, निवृत्त गार्ड,
त्या अकरा टाळूनच विचार करायला शिकलाय.

तो उठला, घसा साफ केला.
"जहाज नाहीये. छापायची चूक."
मी खांबाआड.
कुणीतरी हसलं. पंखा करकरला.
टेम्पोचे पैसे तर देऊन झाले होते.
झिपरू म्हणाला, "नाही तर नाही. वाजवा."

लोटन मास्तर वरणगावची हळद वाजवून
तसाच आला होता, बँडच्या लाल कोटात,
एक सोनेरी बटण गायब,
सॅक्सोफोनच्या मानेला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
हिलालने साइड ड्रम खुर्चीवर ठेवला,
काड्यांऐवजी दोन कुंचे घेतले, चुना लावायचे.

लोटनने घेतलं ते वरातीतलंच गाणं,
पंचवीस हंगाम ओठांना घट्टे पाडणारं.
पण वरातीत घोडा पुढे जातो,
घोड्यामागे नवरा, नवऱ्यामागे मास्तरला जावंच लागतं,
सूर अर्धा असो की पाऊण.
इथे कुणी पुढे जात नव्हतं.
त्याने दुसऱ्या ओळीचा एकच सूर उचलला,
उलटा करून पाहिला, खालून, कडेने,
जुन्या कपड्याच्या खिशात हात घालावा
तसा त्यात हात घातला,
आणि काय सापडलं त्याचं त्यालाच नवल वाटलं.
डोळे उघडे होते त्याचे. आमच्याकडे बघत नव्हते.

मग मालगाडी आली.
भुसावळात बोलणं मध्येच थांबवून
गाडी गेल्यावर त्याच शब्दापासून धरायची रीत आहे.
लोटन थांबला. कुंचे थांबले.
डेन्झिलची बोटं पट्ट्यांच्या वर तरंगत,
ओठ हलत होते. डबे मोजत होता.
अठ्ठावन्न.
शेवटच्या डब्याचा लाल दिवा खिडकीतून गेला,
त्याने उजवा हात उचलून हिरवा झेंडा दाखवला,
नसलेला,
आणि तिघे निघाले, नेमके तिथूनच.

शेवटचा सूर विरला तेव्हा टाळ्या नाहीत.
टाळ्या कुठे वाजवायच्या, कुणाला ठाऊक?
आजीबाई नातवाच्या कानात बोलली, अगदी साधं:
"गयं."

संपादक म्हणाले, शुद्धिपत्र लिही.
लिहिलं: कालच्या अंकात जॅझऐवजी जहाज असे वाचावे,
मग खोडलं, उलट केलं,
'दिलगीर आहोत'पाशी पेन अडलं,
जागा तशीही उरली नव्हती,
टिश्यूकल्चर रोपांची जाहिरात आली होती.

पुढच्या महिन्यात शब्द बरोबर छापला.
चौदा जण आले.
झिपरू पहिल्या रांगेत होता,
तोच शर्ट.