साठ किलोंचा नमुना

पट्टा थांबवायचा नाही. फावडं पडेल तिथलंच उचलायचं,
बरं दिसेल ते नाही, हे मेरेरिड पहिल्याच दिवशी सांगते.
स्वॉन्सीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तेस्फाय
न बघता फावडं घालायला शिकतो.

साठ किलो. टेबलावर ओतले की
आठवड्याभराचं गाव पसरतं:
दुधाच्या बाटल्या, मांजराच्या खाण्याचे डबे,
पिझ्झाचा पुठ्ठा. त्यावरून रोज वाद,
कागद म्हणायचं की घाण.
ती म्हणते, तेल बोटाला लागलं तर घाण.
त्याच्या हातात दुहेरी हातमोजे.

मग ते कार्ड. उघडलं तसं बोललं.
म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, वेल्शमध्ये,
शेवटी खोकला आणि कुणाचं तरी नाव.
काय म्हणतोय? तेस्फायने विचारलं.
मेरेरिडने कार्ड मिटलं. उघडलं. पुन्हा मिटलं.
"वाढदिवस," म्हणाली.
तो त्याहून बराच वेळ बोलला होता.

नियम सरळ आहे: जोडलेलं सुटं करा.
तिने नखाने चकती सोलली, लोंबत्या तारेसकट.
कागद, एकतीस ग्रॅम.
'इतर'च्या रकान्यात चार,
आणि जरा थांबून, दशांश चिन्हापुढचं शून्यही.

चकती लाल डब्यात गेली, बाकीच्या बॅटऱ्यांवर,
आणि दुपारभर, बाहेर ट्रक मागे सरकला की,
किंवा नुसता कुणाचा पाय डब्याला लागला की
तो आतून सुरुवात करायचा,
नावापर्यंत पोचायचा नाही.

तीनच्या नमुन्याला तेस्फाय
डब्याला वळसा घालून गेला.