शेवटचा गुरुवार, ग्रिम्सबी

वाचनालयाच्या मागच्या खोलीत
हीटर ठकठक करत तापतो
आणि आम्ही सहा जण
आल्याची बिस्किटं चहात बुडवून
एका खुनाबद्दल बोलतो.

डोरीन टास्कर म्हणते, ही पत्रकार बाई फार पिते.
प्रकरण उघडलं की बाटली उघडते.
यकृताचं काय होणार?
डोरीनचा नवरा गोदीत होता, यकृतानंच गेला,
म्हणून कुणी हसत नाही.

सार्जंट ब्लँचर्ड, आता निवृत्त,
चष्मा पुसत म्हणतात, पोलीस इतके मठ्ठ नसतात.
मग चष्मा परत पुसतात.
सगळेच नसतात.

ग्लेनिसला खुनी एकोणनव्वदाव्या पानावरच कळला होता.
तिला नेहमीच कळतो.
तिच्या घरातले चांदीचे चमचे कुणी नेले
याला मात्र आता सहा वर्षं होतील.
कीथ मान हलवतो.
त्यानं पुस्तक वाचलेलं नाही, तो बिस्किटं आणतो.

फराह बाबागाडी पायानं हलवते.
ती म्हणते, ही रात्री अकराला बर्फाच्या कारखान्यात शिरते,
तेव्हा हिचं मूल कुणाजवळ असतं?
तीनशे चाळीस पानांत
त्या पोराला एकदाही भूक लागत नाही.

तुझं मत काय, हेम?

इथं मी हेम. हेमांगीतलं तेवढंच त्यांच्या जिभेला झेपतं.
आपल्याकडे सोनं,
त्यांच्याकडे कापडाची दुमडून शिवलेली कड.

मी म्हणते, शेवट जरा घाईत उरकलाय.
सगळे हो म्हणतात.

परभणीच्या चार पानी दैनिकात
मी अकरा महिने अशीच बाई होते, हे सांगत नाही.
माझ्या मागे कुणी गाडी लावली नाही.
मला कुणी कोंडलं नाही.
पुरवठा कार्यालयाच्या बाकावर बसायचे मी,
गोदामाची नोंदवही बघायला.
कारकून चहाला गेलेले असायचे. मग जेवायला.
मग रजेवर.
आणि एका संध्याकाळी धान्याच्या व्यापाऱ्याकडून
पेढे आले घरी, पाव पाव किलोचे चार पुडे,
प्रत्येकावर एकेकाचं नाव, सुबक अक्षरात.
आई. अण्णा. मी.
चौथ्यावर बंड्या.
धाकट्याचं हे नाव
आमच्या उंबऱ्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

बातमी आली. नाही असं नाही.
तिसऱ्या पानावर अकरा ओळी,
शेजारी अर्धं पान
त्याच व्यापाऱ्याच्या दिवाळीच्या शुभेच्छा.
पेढे आम्ही खाल्ले नाहीत,
टाकले कुठे तेही आता आठवत नाही.

पाचपैकी किती? डोरीन वहीत मांडते.
तीन. तीन. चार. फराह अडीच.
कीथ साडेतीन म्हणतो, कव्हरकडे बघून.
मी तीन म्हणते.

बाकीच्यांनी पुस्तक विकत घेतलंय,
माझी प्रत वाचनालयाची, कडा मळलेली.
तिच्या दोनशे बाराव्या पानावर
ती बाई खांदा लावून बर्फघराचं दार ढकलते
आणि बाहेर पडते.
तिथं समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय,
‘इथलं दार आतून उघडत नाही.’
इतकं दाबून
की दोनशे चौदावर बोटाला लागतं.

इथं हे कुणाला विचारायचं?
गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आता व्यायामशाळा आहे.
जुन्या संपादकाच्या खिडकीत
माणसं पट्ट्यावर धावतात, रस्त्याकडे तोंड करून,
घामाघूम, जागच्या जागी.

सोमवारी रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली
मी त्या वाक्याच्या खाली
त्यांच्याच भाषेत दोन शब्द लिहिले.
कोणतं दार?
खाली फोन नंबर.
तो आधी खोडला, मग परत लिहिला.

मंगळवारी पुस्तक परतीच्या फटीतून आत सोडलं.
आत कुठंतरी पडल्याचा आवाज आला.
पेन्सिल पर्समध्येच आहे,
टोक करून ठेवलेली.