शेऱ्याचा रकाना

तीन वर्षं एक ओळ नाही.
सांगण्यासारखं काही घडलंही नव्हतं,
एवढंच, की एका दुपारी शब्द समोरून आला
आणि मी त्याला ओळख दिली नाही.
मग त्यानंही या वाटेनं यायचं सोडलं.

वाचनालयातली माणसं विचारायची, नवीन काय?
मी म्हणायचे, चाललंय.
कोऱ्या वहीवर दुधाचं पातेलं ठेवून ठेवून
गोल डाग पडला होता.
तेवढंच त्या वहीत उमटलेलं.

हर्णैला अब्बास डिंगणकरांच्या बर्फ कारखान्यात
हिशेब लिहायला लागले, ते पैसे हवे होते म्हणून.
पहाटे चार ते अकरा.
त्यांचे मुनीम हरेश्वर पावसे
मोतीबिंदू काढायला रत्नागिरीत,
दीड महिन्याची गोष्ट.

वही लांबट, पाठ लाल कापडाची.
तारीख. नाव. लाद्या. जमा. बाकी.
आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात रुंद,
शेरा.

जयगौरी, चाळीस, बाकी.
अल मदिना, बावीस, रोख.
एकवीरा प्रसन्न, साठ, पैकी पाच फुटक्या.
किती स्वच्छ!
बर्फाला उपमा लागत नाही,
वितळायच्या आत मोजायचा, बास.
महिनाभर मी सुखात होते, खोटं कशाला बोलू.

एका पहाटे होड्यांना उशीर झाला
म्हणून मागची पानं चाळली.
मुनिमांचा शेरा, बारीक, उजवीकडे कललेला:
"तांडेल आज बोलला नाही."
"म्हाकूल फार. मांजरंही कंटाळली."
"पैसे मागितले नाहीत. घरात मयत."
"मतलई सुटला. कारण नसताना बरं वाटलं."

पोटात काहीतरी जळलं.
भूक असेल म्हणून चहा घेतला.
भूक नव्हती.
तीन वर्षांत पहिल्यांदा
मला कुणाचा तरी हेवा वाटत होता.

त्याच तिरीमिरीत जयगौरीपुढं लिहिलं,
"समुद्र निळा, शांत."
बाहेर बघितलं तर साडेचार,
डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख.
खोडलं.

यमुना दोरकुळकर टोपली टेकवून उभी.
"माज्या नावापुढं काय लिवलंस?"
काही नाही, म्हटलं.
"मंग मी आलेच नव्हते म्हण की."

ती गेल्यावर लिहिलं:
"पाव लादी. आधी पदराला हात पुसला, मग अंगठा.
टोपलीतलं पाणी पाठीवरून घोट्यापर्यंत ओघळत होतं
आणि ती नवऱ्याला शिव्या देत होती,
आत्ताच्या आत्ता, तोंडावर, नावानिशी.
नवरा सहा वर्षांपूर्वी बुडाला.
बैलगाड्या पाण्यात शिरल्या तेव्हा
ती त्यांच्यामागून..."
रकाना संपला.
मी खालच्या ओळीत शिरले,
मग अल मदिनाच्या जागेत,
अल मदिनाचा पोरगा समोर उभा,
"बाय, आमची तीस लाद्या कुठं लिवणार?"

त्या दुपारी पातेलं उचललं.
डाग तसाच ठेवला, त्याच्या आतून सुरुवात केली.
आलेली पहिली चार पानं टाकाऊ होती,
तरी हात दुखला, आणि हात दुखण्यासाठी
मी काय नसतं दिलं!

मुनीम आले काळा चष्मा लावून.
वही डोळ्याजवळ धरून पान पान वाचलं.
"रकान्याबाहेर गेलंय," म्हणाले.
मी गप्प.
त्यांनी खिशातून पेन काढलं,
मला वाटलं, आता आडवी रेघ.

समासात बारीक, उजवीकडे कललेलं लिहिलं:
"पाव नव्हे, अर्धी. यमुना पाव कधी नेत नाही."

घरी येऊन कवितेतही दुरुस्त केलं.
ओळीचा तोल गेला.
राहू दिला.