क्षितिज तिरकं आहे

मुलुंडच्या मिठागरावर सलग पाच रविवार
पहाटे साडेपाचला गेले,
तेव्हा कुठे हा एक फोटो हाताला लागला.
बारा बाय अठरात काढून घेतला, मॅट कागदावर,
आणि चुरी सरांपुढे टेबलावर ठेवला.
लॅबमध्ये रोज मी लोकांचे रिपोर्ट देते.
त्या दिवशी नमुना माझा होता.

सर चाळीस वर्षं छापखान्यात ब्लॉक करायचे.
त्यांनी फोटो उलटा धरला.
आभाळ खाली, मिठाचे ढीग वर लटकलेले.
"उलटं धरलं की चित्र आपलं नाव विसरतं," म्हणाले,
"मग नुसतं वजन दिसतं."
वजन सगळं आभाळात होतं,
माझ्या केशरी, कमावलेल्या आभाळात.

खिशातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढून
ते फोटोवर सरकवत गेले.
अर्धं आभाळ गेलं.
उजवीकडचा टॉवर गेला, तारांसकट.
डाव्या कोपऱ्यात उरली
पाच रविवारांत मला न दिसलेली
लांब दांड्याची लाकडी फळी,
मिठात तशीच टेकवून
कुणीतरी चहाला गेलेलं.

"तू उभी कुठे होतीस?"
बांधावर, म्हटलं.
"मग जवळ का नाही गेलीस?"
चिखल होता.
सरांनी माझ्या चपलांकडे पाहिलं,
बोलले काहीच नाहीत.

घर येईपर्यंत मनातल्या मनात
त्यांना चार सणसणीत उत्तरं दिली.
रात्री लेकीच्या जुन्या फाइलचं कव्हर घेऊन
दोन काटकोन कापले.

यंदा सरांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही.
टेबलाच्या त्या बाजूला आता मी बसते.

नंदेश टपके, वय एकोणीस.
मढची खाडी, संध्याकाळ, मोबाइलवर.
रंग इतके चढवलेले
की पाण्यात सब्जा टाकून प्यावं.
खोलीतले सगळे एका सुरात:
क्षितिज तिरकं आहे.
मीही म्हटलं.
वर हेही म्हटलं, की दोन मिनिटांत सरळ होतं.
तो "हो" म्हणाला, मोबाइल पालथा ठेवला,
आणि पुढचे दोन रविवार आला नाही.

"छान" म्हणून मोकळी झाले असते तर?
छान म्हणजे दार न उघडता
आतूनच दिलेली ओ.
पण "तिरकं आहे" हे तरी मी
कुठे बाहेर येऊन म्हटलं होतं?

तिसऱ्या रविवारी तो मागच्या बाकावर होता.
मी शेजारी जाऊन बसले.
तू उभा कुठे होतास?

बघतच राहिला.
मग म्हणाला, होडीत. काकाच्या.
चौघं एका अंगाला जाळं ओढत होते,
काका ओरडत होता, बस खाली, बस,
होडी कलली,
मला वाटलं आता पाणी आत येतंय,
तेव्हा काढला.

म्हणजे आम्ही सगळे पंख्याखाली बसून
कललेल्या होडीला
ओळंबा लावत होतो.

फोटोत मात्र होडी नव्हती.
काका नव्हता, जाळं नव्हतं.
पर्समधले काटकोन काढले आणि परत ठेवले.
झाकण्यासारखं काही नव्हतं,
हवं ते चौकटीबाहेरच राहिलं होतं.
म्हटलं, पुढच्या वेळी खाली होडीची कड येऊ दे,
बोटभरच.
बघणाऱ्यालाही जरा तोल सांभाळू दे.
आणि रंग,

"रंग कमी करतो," तोच म्हणाला. "सगळे नाही."
का?
"त्या दिवशी होते, ताई.
जवळजवळ."

त्या जवळजवळवर
मला काही सुचलं नाही.

जिना उतरताना तो पुढे होता.
सँडलच्या पट्ट्यांपर्यंत
खाडीचा चिखल वाळलेला.
माझ्या चपला
स्वच्छ.