मधल्या कड्या

नोव्हेंबर, म्हणजे तिकडे वसंत. बेलार्मिनोनं
बोटीची साखळी उपसून
किन्चाओच्या धक्क्यावर पसरली.
चार वर्षांपूर्वी तेरा मिलिमीटरची घेतलेली.

खरवडलेल्या शिंपल्यांखाली जस्ताचा पांढरा भुगा,
कुठे नुसतंच लोखंड, बोटाला लागणारं.

कॅलिपर लावत गेला.
बोयाजवळ बारा.
नांगराजवळ, कायमच्या चिखलात, बारा.
मधल्या, भरतीला उचलल्या जाणाऱ्या
नि ओहोटीला पुन्हा वाळूत घासणाऱ्या:
सात.

"जस्त आधी स्वतः झिजतं," तो म्हणाला,
"ते संपलं की
कुणी उरत नाही मध्ये पडायला."

ओर्तेन्सिया,
सोमवारी पलीकडच्या मासळी कारखान्यात जाणारी,
शनिवारच्या फेरीनं परतणारी,
त्या सातकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली,
बटाटे उकडलेत. हात धू.