भाग दुसरा, बंदीच्या दिवसांत

नाझिम, भाग दुसरा आला.
बंदी लागली तशी बर्फाचा कारखाना थंड,
म्हणजे गरमच, तू समजून घे.
होड्या वर ओढल्यात, निळं प्लास्टिक पांघरून,
हर्णैचा लिलाव मुका.
ऑफिसची चावी माझ्याकडे.
तोच संगणक, तोच पंखा,
तुझ्या खुर्चीचा एक पाय अजून
जुन्या हजेरी-वहीवर टेकलेला.

पहिला भाग आठवतो?
ऐंशी तास. जेवलो की नाही, पत्ता नाही.
पूल वाचवायचा की गाव, असं विचारलं त्यानं
आणि तू म्हणालास, पूल.
गाव जळताना तू आवाज बंद केलास.
मग तुमो गेला, तो भालाईत,
राखेच्या राजासमोर एकटा.
नावं वर सरकत राहिली
आणि आपण रात्री दोनला बंदरावर जाऊन बसलो,
दीपगृहाचा झोत मोजत,
एक शब्द नाही.

आता ऐक.
राखेच्या राजाचा सेनापती लॉण्ड्री चालवतो.
आईशप्पत.
पांढऱ्या चादरीवर डाग राहिला की रडतो.
जिनं तीन सैन्यं कापली ती ओर्ला
पोहायला शिकतेय, गटांगळ्या खातेय,
आणि बदकं तिला मार्क देतात,
दहापैकी दोन.

पहिले दोन दिवस मी चिडलेलो.
म्हटलं, तेराव्याच्या पंगतीत
कुणी शिट्टी मारावी तसं हे.
सगळे तेच म्हणतायत, पोरखेळ केला, वाट लावली.
पण नमनात संकासूर येतो,
उंच टोपी हलवत पोरांच्या अंगावर धावतो,
तेव्हा कोण म्हणतं, कथा बुडाली?
तू तर पाचवीपर्यंत त्याला घाबरून
माझ्या मागे लपायचास.

तिसऱ्या रात्री त्या गावात पोचलो.
आपल्या. जळलेल्या.
नवी कौलं, कालवणाची स्पर्धा.
एक म्हातारी ओर्लाला वाढते, म्हणते,
‘तुला कुठंतरी बघितलंय, बाई.’
खाली दोन उत्तरं येतात:
‘नाही, आजी.’
‘मीठ कमी आहे.’
बराच वेळ बोट हललं नाही.
मग मीठ म्हटलं.
म्हातारीनं पळी फेकून मारली, अर्धा जीव गेला,
आणि मी इतका हसलो
की पावसे वॉचमन खिडकीशी आला,
‘काय रे, लॉटरी?’

तुमो कुठेच नाही. शोधला.
लॉण्ड्रीत फक्त एक सदरा टांगलाय,
उजव्या खांद्याशी घासलेला.
त्याच्यावर क्लिक केलं की
सेनापती मान वर न करता म्हणतो,
‘राहू दे तो. पैसे लावत नाही मी त्याचे.’
आणि लगेच सोड्याच्या पाण्यात घसरून पडतो.

जहाजावर नेट आलं की हे वाच.
एकतीस जुलैला बंदी उठते, मग पुन्हा बर्फ.
त्याआधी सुटी मिळते का बघ.
दुसरा कंट्रोलर पुसून ठेवलाय,
आणि ती बदकांची लेव्हल
एकट्याच्यानं होत नाही रे.